पारा : जो पार नेतो, आणि जो आंबिवलीच्या गाळात राहतो

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड सोडते आणि आंबिवलीला थांबते. उल्हास नदीच्या काठचं मोहने इथून हाकेच्या अंतरावर. आंबिवली म्हटलं की जुन्या माणसांना पहिल्यांदा आठवते ती एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, तिथला रेयॉनचा धागा, कामगारांची वसाहत. पारा कुणालाच आठवत नाही. पण रेयॉन, कॉस्टिक सोडा आणि पारा या तिघांची एकमेकांशी अशी गाठ आहे, की या भागाचा इतिहास एका धातूच्या नावापासून सांगायला सुरुवात करता येते. मी तेच करणार आहे. नाव आधी, कारखाना नंतर.

पार + द

‘पारा’ हा शब्द संस्कृत ‘पारद’वरून आला. रसशास्त्राच्या ग्रंथांत त्याची फोड अशी केली जाते : पार देतो तो पारद. रोग, म्हातारपण, दारिद्र्य, संसार, या सगळ्याच्या पैलतीराला नेणारा. भाषाशास्त्राचा अभ्यासक या फोडीकडे थोड्या संशयाने पाहील, कारण जुन्या ग्रंथकारांना शब्द मोडून त्यातून तत्त्वज्ञान काढायची हौस होती. तरी ही फोड टिकली, कारण ती त्या काळच्या श्रद्धेशी जुळत होती. पाऱ्यावर संस्कार करून त्याला ‘बांधलं’, म्हणजे त्याचं चंचलपण घालवलं, की तो देहालाही स्थिर करील, असं रससिद्ध मानत.

पाऱ्याची दुसरी नावंही बोलकी आहेत. ‘रस’ म्हणजे वाहणारा. ‘रसशास्त्र’ या नावातला रस हाच. म्हणून पारा रसराज, रसेंद्र. ‘सूत’ हे आणखी एक नाव. ‘चपल’ हे विशेषण तर कुणीही लावावं असं. शैव परंपरेत तो शिवाचं वीर्य, हरबीज. पाऱ्यावरच्या अठरा संस्कारांपैकी पहिल्या आठांची नावं वाचली तरी प्रयोगशाळेतली खटपट डोळ्यांसमोर येते : स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन, पातन, रोधन, नियमन, दीपन. यातलं पातन म्हणजे आजचं ऊर्ध्वपातन. पारा तापवायचा, त्याची वाफ थंड करायची आणि शुद्ध पारा पुन्हा गोळा करायचा. त्या ग्रंथांतलं मोक्षाचं बोलणं बाजूला ठेवलं तरी हे हातचं रसायनशास्त्र खरं होतं.

मराठीत ‘पार’ किती घरांत राहतो तेही पाहा : आरपार, पैलपार, पारणं, पारायण. कुराणाच्या तीस भागांनाही ‘पारे’ म्हणतात, पण तो शब्द वेगळा. तो फारसी, अर्थ तुकडा. ‘सिपारा’ म्हणजे तिसांपैकी एक. लिहायला सारखा, नातं काही नाही.

चिन्ह एचजी का?

शाळेत मुलं हा प्रश्न विचारतात आणि बहुधा उत्तराऐवजी ‘पाठ कर’ असं ऐकतात. उत्तर सोपं आहे. ग्रीकमध्ये पाणी आणि चांदी हे दोन शब्द जोडून एक नाव झालं, त्याचं लॅटिन रूप हायड्रार्जिरम. पाण्यासारखी चांदी. त्यातली दोन अक्षरं घेऊन एचजी. इंग्रजीतलं जुनं नाव क्विकसिल्व्हर. त्यातल्या ‘क्विक’चा अर्थ मुळात ‘झटपट’ असा नव्हता, ‘जिवंत’ असा होता. जिवंत चांदी. आणि मर्क्युरी हे रोमन देवाचं नाव, निरोप घेऊन धावणाऱ्या देवाचं. किमयागार प्रत्येक धातू एकेका ग्रहाला वाटून देत : सोनं सूर्याला, चांदी चंद्राला, लोखंड मंगळाला. सगळ्यांत घाईचा ग्रह पाऱ्याच्या वाट्याला आला. बाकीच्या धातूंची ग्रहनावं कालांतराने गळून पडली, पाऱ्याचं तेवढं राहिलं.

त्या ग्रहाला आपण बुध म्हणतो. म्हणजे फ्रेंच माणसाचा ‘मेर्क्रदी’ हा वार पाऱ्याचा नावबंधू, आणि आपला बुधवार त्याच ग्रहाचा असूनही पाऱ्याशी त्याचं नावाचं काही नातं नाही. आपण धातूला ग्रह न देता थेट काम दिलं : पार ने.

शेंदूर नव्हे, हिंगूळ

पारा निसर्गात मुख्यतः गंधकाशी जोडलेला सापडतो. तो लाल दगड म्हणजे हिंगूळ. जुन्या पोथ्यांत श्लोकांचे आकडे आणि अध्यायांचे शेवट लाल शाईने लिहिलेले दिसतात, ती शाई पुष्कळदा हिंगुळाची. शेकडो वर्षांनीही ती उडत नाही.

इथे एक घोटाळा निस्तरला पाहिजे, कारण आपल्या देवघरात चार लाल एकत्र नांदतात. मारुतीला लावतो तो शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. हिंगूळ पाऱ्याचा. अस्सल कुंकू हळदीला क्षार देऊन केलेलं. गेरू लोखंडाचा. पहिले दोन विषारी, दुसरे दोन नव्हेत. बाजारात ‘सिंदूर’ या एकाच नावाखाली काहीही विकलं जातं, म्हणून ही फोड लक्षात ठेवलेली बरी.

पारा आणि गंधक एकत्र खलले की काळी कज्जली होते. तीच तापवून वर चढवली की लाल रससिंदूर. काळ्याचं लाल होताना घटक तेच राहतात, फक्त स्फटिकाची रचना बदलते. आयुर्वेदातली ही औषधं आजही बनतात. ती घ्यायची का, किती घ्यायची, हे वैद्याच्या आणि रक्ततपासणीच्या भरवशावर ठरवावं. शेजारच्या काकूंना गुण आला एवढ्यावर ठरवू नये.

जड, आणि तरी वाहता

अणुक्रमांक 80. उणे 38.8 अंश सेल्सिअसला गोठतो, सुमारे 357 अंशांना उकळतो. सर्वसाधारण तापमानाला द्रव असणारा हा एकमेव धातू. घनता पाण्याच्या साडेतेरापट, म्हणजे लिटरभर पाऱ्याची बाटली उचलायला गेलात तर ती साडेतेरा किलो भरेल आणि पहिल्या प्रयत्नात हात फसेल. लोखंडी खिळा त्यावर लाकडासारखा तरंगतो. सोन्याची अंगठी मात्र बुडते, आणि बुडता बुडता पारा तिला खाऊ लागतो.

खातो म्हणजे विरघळवतो. सोनं, चांदी, कथील, जस्त, सोडियम असे अनेक धातू पाऱ्यात मिसळून जातात; त्या मेळाला अमाल्गम म्हणतात. लोखंड मात्र त्याला दाद देत नाही. म्हणून पारा लोखंडी बाटल्यांतून विकला जाई. अशा एका बाटलीत साधारण साडेचौतीस किलो पारा मावे, आणि जगाच्या बाजारात भाव किलोवर न बोलता बाटलीवर बोलला जाई.

धातू असून वितळलेलाच का? पाऱ्याच्या केंद्रात ऐंशी प्रोटॉन. त्यांच्या ओढीमुळे आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, आणि आइनस्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम थेट अणूच्या आकारावर होतो. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉनसुद्धा केंद्राजवळ ओढले जातात, शेजारच्या अणूला हात द्यायला नाखूश होतात. अणू एकमेकांना घट्ट धरत नाहीत, म्हणून धातू वाहतो. जुन्यांनी त्याला चपल म्हटलं ते किती नेमकं होतं, हे समजायला विसावं शतक लागलं.

आरसा, मुलामा, दात

‘आरशाचा पारा उडाला’ असं आजही म्हणतात. पूर्वी काचेमागे कथलाचा पत्रा आणि पारा यांचा थर बसवत. 1835 च्या सुमारास जर्मन रसायनज्ञ लीबिग यांनी काचेवर चांदीचा पातळ थर चढवायची रीत काढली आणि आरशातून पारा गेला; आपल्या बोलण्यातून गेला नाही.

सोन्याचा मुलामा हीही पाऱ्याचीच करणी. सोनं पाऱ्यात कालवून तो लेप तांब्या-पितळेवर फासायचा आणि भाजायचा. पारा उडून जातो, सोनं चिकटून राहतं. उडालेला पारा कारागिराच्या छातीत जातो, हे मूर्तीकडे पाहणाऱ्याच्या मनात येत नाही. नदीच्या वाळूतून सोनं गोळा करणारे गरीब लोक जगात अनेक ठिकाणी हेच करतात, आणि आज हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा याच धंद्याचा आहे. दातांत भरतात ती ‘चांदी’ही अमाल्गमच; तिच्यात जवळपास निम्मा पारा असतो.

पारा चढतो तो कुठे?

1643 मध्ये टॉरिचेली यांनी पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली. नळीतला पारा थोडा उतरला आणि सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबला. हवेला वजन आहे हे दिसलं. हाच प्रयोग पाण्याने करायचा तर दहा मीटरहून उंच नळी लागली असती, म्हणजे तीन मजली घर. 1714 मध्ये फॅरनहाइट यांनी पाऱ्याची भरवशाची तापमापी केली. पुढे रक्तदाबाच्या यंत्रातही पाराच चढू-उतरू लागला आणि डॉक्टर आजही दाब ‘मिलिमीटर पारा’ या मापात मोजतात, टेबलावरचं यंत्र डिजिटल असलं तरी.

या नळ्यांनी मराठीला एक वाक्प्रचार दिला. साहेबांचा पारा चढतो, एप्रिलात विदर्भाचा पारा चढतो, डिसेंबरात महाबळेश्वरचा घसरतो. यातला शेवटचा नेहमीच थोडा खोटा होता. वेधशाळेच्या पांढऱ्या जाळीदार पेटीत कमाल तापमानाची नळी पाऱ्याची असे, पण किमान तापमानाची नळी अल्कोहोलची. म्हणजे थंडीच्या सकाळी जो ‘पारा’ घसरल्याची बातमी छापून येई, तो पारा नव्हताच. बातमीदारांना हे सांगून काही उपयोग नाही. ‘अल्कोहोल घसरला’ असा मथळा कोण छापणार!

रेयॉनला पारा कशाला?

आता आंबिवली. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही कंपनी 1946 ची. मोहन्याला नदी होती, रेल्वे होती, मुंबईचा बाजार तासा-दीड तासावर होता. शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉन. 2009 मध्ये एनआरसीचं काम थांबलं आणि पुढे थकलेल्या देण्यांचं, वसाहतीतल्या घरांचं प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे धाग्यापुरतं बोलू.

रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्याचं रेशीम. लगद्याच्या पाट्या साधारण 18 टक्क्यांच्या कॉस्टिक सोड्यात भिजवतात, पिळतात, भुगा करून मुरवतात. मग कार्बन डायसल्फाइडशी त्याचा संयोग घडवतात आणि तो पुन्हा पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवतात. मधासारखा दाट, नारिंगी व्हिस्कोस तयार होतो. तो बारीक भोकांच्या टोपीतून गंधकाम्लाच्या हौदात सोडला की धागा. त्या हौदात जस्ताचं सल्फेटही असतं. धागा एकदम न गोठता जरा सावकाश गोठावा, म्हणजे ताणता येतो आणि मजबूत होतो. पण आपला धातू जस्त नव्हे.

आपला धातू कॉस्टिक सोड्यापाशी भेटतो. कॉस्टिक सोडा करतात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून. एका टोकाला क्लोरीन, दुसऱ्या टोकाला सोडियम. सोडियम पाण्याला लागताच भडकतो, तर त्याला धरून ठेवायचं कशात? 1892 साली अमेरिकी हॅमिल्टन कास्टनर आणि ऑस्ट्रियाचे कार्ल केलनर या दोघांनी वेगवेगळं उत्तर शोधलं आणि ते एकच निघालं : पाऱ्यात. पोलादाची लांबलचक, किंचित उतरती पन्हळ. तळाशी पाऱ्याचा पातळ प्रवाह, वर मिठाचं पाणी. वीज सुरू होते, सोडियम पाऱ्यात विरतो. तो पारा शेजारच्या भांड्यात जातो, तिथे स्वच्छ पाणी असतं. पाऱ्याने सोडियम त्या पाण्याच्या हवाली केला की कॉस्टिक आणि हायड्रोजन तयार, आणि रिकामा पारा पंपाने पुन्हा पन्हळीच्या डोक्याशी. नावेसारखा. सोडियमला एका पाण्यातून उचलायचं, दुसऱ्या पाण्यात उतरवायचं, परत फिरायचं. पारदाला ‘पार नेणारा’ म्हणणाऱ्यांनी ही पन्हळ पाहिली असती तर त्यांना आपलं नाव सार्थ झाल्यासारखं वाटलं असतं.

यातला फायदा असा, की मीठ अलीकडेच राहतं. ज्या भांड्यात वीज सोडतात ती कोठी. त्या काळच्या दुसऱ्या पद्धतीत, पडद्याच्या कोठीत, कॉस्टिक पातळ निघे आणि आटवल्यावरही त्यात मीठ उरे. साबणाला ते चालतं, रेयॉनला नाही. पाऱ्याच्या कोठीतून थेट 50 टक्क्यांचं, जवळजवळ बिनमिठाचं कॉस्टिक मिळे. धंद्यात त्याला ‘रेयॉन ग्रेड’ असंच नाव पडलं होतं. म्हणून जगात जिथे रेयॉन, तिथे आसपास कुठेतरी पाऱ्याच्या कोठ्या, हे जवळजवळ ठरलेलं. उल्हासचा हा पट्टाही त्याला अपवाद नव्हता. सोडा-क्लोरीनचे कारखाने इथे होते.

कागदावर पारा या चक्रातून बाहेर पडतच नाही. प्रत्यक्षात थोडा हायड्रोजनबरोबर वाफ होऊन उडतो, थोडा मिठाच्या गाळात अडकतो, थोडा पंपांच्या सांध्यांतून आणि फरशीच्या भेगांतून उतरतो. दरवर्षी नवा पारा आणून भर घालावी लागे, आणि ही भर म्हणजेच गळतीचा हिशेब. कोठीत पारा टनांनी फिरत असल्याने थोडी टक्केवारीही पुष्कळ होते.

आता ही पद्धत गेली. 2003 मध्ये केंद्र सरकार आणि उद्योग यांच्यात पर्यावरणाच्या जबाबदारीची सनद झाली, तिच्यात पाऱ्याच्या कोठ्या मोडून मेंब्रेनच्या कोठ्या बसवण्याचं ठरलं. मेंब्रेन म्हणजे सोडियमला पलीकडे जाऊ देणारा आणि बाकीच्यांना अडवणारा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. पार नेण्याचं काम त्याच्याकडे गेलं.

नदीच्या तळाशी

वाहता पारा नदीत आला की त्याचा स्वभाव पालटतो. तो मातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि कणांबरोबर खाली बसतो. उल्हासला कल्याणच्या पुढे भरती-ओहोटी लागते. गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की गढूळ कण गोळा होऊन तळाला जातात, त्यामुळे खाडीचा गाळ वरच्या कारखान्यांची वहीच होतो. वर्षाचं पान वर्षाच्या पानावर. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीच्या गाळातला पारा मोजला आणि तो अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. सांडपाणी सोडलं जाई त्या भागात पारा भरपूर, आणि समुद्राकडे जाल तसा कमी.

गाळात निजलेला पारा फारसा त्रास देत नाही. त्रास देतात ते हवा नसलेल्या चिखलातले जिवाणू. ते पाऱ्याला कार्बनची जोड देतात आणि मिथिल पारा बनतो. हा रेणू सजीवांच्या शरीरात सहज शिरतो आणि सहज निघत नाही. शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, त्यातून मोठ्यात. प्रत्येक पायरीला प्रमाण वाढत जातं. जपानमधल्या मिनामाता गावी मांजरं वेड्यासारखी फिरून मरू लागली, मग माणसं लुळी पडू लागली, आणि 1 मे 1956 रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. तिथला कारखाना कॉस्टिकचा नव्हता. अ‍ॅसिटाल्डिहाइड करताना पारा उत्प्रेरक म्हणून वापरला जाई. पण समुद्राच्या चिखलाला आणि माशाला हा फरक कळत नाही. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला त्याच गावाचं नाव आहे. तो 2013 मध्ये झाला, 2017 मध्ये अमलात आला, आणि भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली.

मोहने-मोहिलीच्या भागात कल्याण-डोंबिवलीसाठी नदीचं पाणी उचललं जातं. पाऱ्याची गोष्ट वाचून नळाकडे संशयाने पाहायचं कारण नाही. गाळाला चिकटलेला पारा पाण्यात फारच थोडा विरघळतो, आणि पाणी शुद्ध करताना कण आधीच बसवले जातात. काळजी करायची ती खाडीचा तळ उपसताना. गाळ काढून टाकायचा कुठे, हा प्रश्न निविदेच्या अटींत यायला हवा.

घरातला पारा

थोडा पारा अजून घरीच असतो. जुन्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम. आणि सगळ्यांत अनपेक्षित जागा म्हणजे गोरेपणाचं मलम. पारा त्वचेत रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून काही बनावट क्रीममध्ये तो घालतात. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडाचा आजार अशाच क्रीमपर्यंत पोचला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. डबीवर घटकांची यादी नसेल, बनवणाऱ्याचा पत्ता नसेल, आणि आठवड्यात उजळण्याचं वचन असेल, तर ती डबी घेऊ नका.

थर्मामीटर फुटला तर आमच्या लहानपणी आम्ही मोती पकडल्यासारखे ते गोळे तळहातावर खेळवत होतो. नशिबाने पारा पोटातून वा कातडीतून फारसा जात नाही. तो जातो श्वासातून, आणि तो वाफ होऊन उडतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तर : पंखा बंद करा, खिडक्या उघडा, पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवा. केरसुणी नको, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. दोन्हींनी गोळे बारीक होऊन पसरतात. बोटातली सोन्याची अंगठी काढून ठेवा. जाड कागदाच्या दोन पट्ट्यांनी गोळे एकमेकांकडे ढकला, ते आपोआप एक होतात. उरलेले कण चिकटपट्टीने उचला. अंधार करून टॉर्च जमिनीला आडवी धरली की राहिलेले चकाकतात. सगळं घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवा आणि बाटली घातक कचरा घेणाऱ्याकडे द्या. मोरीत ओतू नका, मोरी शेवटी उल्हासलाच जाते.

आणि देण्याआधी ती बाटली माळ्यावर राहणार असेल तर तिच्यावर कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत ‘पारा’ लिहा. नाहीतर दहा वर्षांनी माळा आवरणारा कुणीतरी झाकण उघडून वास घेऊन पाहतो, आणि पाऱ्याला वास नसतो.